हॅना हम्फ्रींचं नाव राहिलं

तुमच्या लेखात इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या १८०५ च्या व्यंगचित्राबद्दल वाचून फार आनंद झाला. ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन टेबलावर पृथ्वीचं पुडिंग कापतायत, ते चित्र. त्यात पिटच्या हातातला काटा नीट बघा, चक्क त्रिशूळ आहे, समुद्रदेव नेपच्यूनचा असतो तसा! समुद्र इंग्लंडचा, म्हणून तो महासागराची मोठी फोड काढतोय. नेपोलियन मात्र खुर्चीतून अर्धवट उठून युरोपवर तुटून पडलाय.

पण ही चित्रं छापून विकणाऱ्या हॅना हम्फ्रींचा उल्लेख हवाच होता. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्यांचं दुकान होतं. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेली एकेक प्रत हाताने रंगवली जाई. गिलरे राहायचा त्यांच्याकडेच. पुढे त्याचं मानसिक संतुलन ढळलं, तेव्हा १८१५ मध्ये तो वारेपर्यंत त्यांनीच त्याला सांभाळलं.