रिंकू सिंह मेजर लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही

‘ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. गल्लीत क्रिकेट खेळायचा. बेसबॉल कधी पाहिलासुद्धा नव्हता. एक टीव्ही शो जिंकला, दहा लाख डॉलर खिशात आणि थेट अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये! पुढे पैशासाठी खेळ सोडून डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.’ बेसबॉलपटू रिंकू सिंहबद्दल (क्रिकेटवाला रिंकू नव्हे) या धर्तीचा मजकूर फोटोसकट फिरत असतो आणि खाली टाळ्यांची रांग लागते. वडील ट्रक चालवायचे आणि पोराने बेसबॉल पाहिला नव्हता, एवढं खरं. बाकीचं एकेक करून बघू. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग.

आधी क्रिकेट. भदोहीचा रिंकू भालाफेकपटू होता आणि त्याच्याबरोबर त्या शोमधून निवडला गेलेला दिनेश पटेलही भालाफेकीतलाच. ‘आपल्या क्रिकेटने हात घडवला’ हे ऐकायला गोड वाटतं, पण गोलंदाजाचा हात सरळ फिरावा लागतो. पिचरचा, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याचा, हात कोपरात वाकतो, मागे जातो आणि चाबकासारखा सुटतो. भाला फेकणाऱ्याला ही हालचाल बरीचशी ओळखीची असते. रिंकू डावखुरा होता आणि स्पर्धेत त्याचा चेंडू ताशी ८७ मैलांनी, म्हणजे १४० किलोमीटरने गेला.

दहा लाख डॉलर? २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत विजेत्याला १ लाख डॉलर मिळाले, तेव्हाच्या भावाने चाळीस लाख रुपयांच्या आसपास. दहा लाखांसाठी वेगळी, जास्त कडक अट होती. ती कोणालाच जमली नाही. नावातला आकडा बक्षिसाला चिकटला तो चिकटलाच.

‘थेट मेजर लीग’ हा सगळ्यात मोठा घोळ. नोव्हेंबर २००८ मध्ये मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने दोघांना करारबद्ध केलं हे खरं, पण करार मूळ क्लबशी असला तरी खेळावं लागतं त्याच्या खालच्या संघांत. तेव्हा सगळ्यात खाली होती रुकी, म्हणजे नवख्यांची, लीग, मग शॉर्ट सीझन, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि त्यावर मेजर लीग. रिंकूची सुरुवात २००९ मध्ये फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये झाली. तिथले सामने भर दुपारी, सरावाच्या मैदानावर, बिनतिकिटाचे. बघायला थोडकी माणसं. १३ जुलैला यांकीजच्या रुकी संघाविरुद्ध सातव्या इनिंगचा शेवटचा फलंदाज त्याने स्ट्राइकआउट केला, म्हणजे चेंडू मारू न देता बाद केला, आणि विजय त्याच्या नावावर लागला; बेसबॉलमध्ये विजय एका पिचरच्या खात्यावर नोंदतात. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. हे मोठंच आहे, पण मेजर लीग नव्हे. तो सर्वांत वर पोचला तो लो-एपर्यंत, वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघात. मेजर लीगच्या आधी अजून तीन पायऱ्या शिल्लक होत्या.

आणि ‘करोडपती’ म्हणताना त्या पायऱ्यांवरचा पगार कोणी बघत नाही. २००९ मध्ये मेजर लीगचा किमान वार्षिक पगार ४ लाख डॉलर होता. रुकी लीगचा पोरगा महिन्याला हजार-अकराशे डॉलरच्या आसपास घ्यायचा, तेही हंगाम चालू असेपर्यंतच. वसंतातल्या सराव शिबिराचे पगार नसायचे, हिवाळ्याचे नसायचे. खेळाडूंनी यावर खटला लढवला आणि २०२२ मध्ये तो १८.५ कोटी डॉलरवर मिटला. तोवर रिंकूचं बेसबॉल संपलेलं होतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, ‘नुसता पब्लिसिटी स्टंट’ म्हणणारे. करारामागे जाहिरातीचा हिशेब असेलच, पायरेट्स काही दानधर्म करत नव्हते. पण स्टंटवाल्याला चार-चार हंगाम कोण पोसतं? दिनेशला २०१० च्या अखेरीस सोडून दिलं, रिंकूला ठेवलं. अमेरिकेतला हंगाम संपला की घरी जायचं सोडून तो ऑस्ट्रेलियन लीगमध्ये कॅनबेरा आणि नंतर ॲडलेडकडून खेळला. तिथे उन्हाळा असतो, म्हणून अमेरिकनांच्या लेखी ती विंटर लीग. ज्याला आणखी इनिंग हव्यात तो अशा लीगमध्ये जातो, कारण पिचिंग शेवटी सामन्यातच शिकता येतं. आणि फरक पडला. पहिल्या हंगामात त्याची ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, ५.८४ होती. २०१२ मध्ये ३९ सामने, ७२ इनिंग, ६५ स्ट्राइकआउट आणि ईआरए ३.००. चार वर्षांपूर्वी ज्याला बेसबॉलचा चेंडू माहीत नव्हता, त्याचे हे आकडे आहेत. मला विचाराल तर फॉरवर्ड करायचं असेल तर हे करा.

राहिला शेवटचा आरोप, पैशासाठी खेळ सोडल्याचा. २०१२ नंतर डाव्या हाताने दगा दिला. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. यात कोपराच्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुतेकदा शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात आणि पुन्हा सामन्यात उतरायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. रिंकू पुन्हा उतरू शकलाच नाही. डब्ल्यूडब्ल्यूईचा करार जानेवारी २०१८ चा आहे. शेवटचा अधिकृत चेंडू टाकल्यानंतर पाचेक वर्षांनी. तोवर सोडायला हातात खेळ उरला कुठे होता?