वशिला गेला, पण कुठे?
लेखात म्हटलंय की १८५५च्या स्पर्धापरीक्षेने ब्रिटिश हिंदुस्थानच्या सनदी नोकरीतला (आयसीएस) वशिला संपवला. अर्धंच खरं आहे. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरने नाव सुचवल्याशिवाय, सनदी अधिकारी तयार करणाऱ्या इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात प्रवेश नव्हता, ती चिठ्ठी बंद झाली हे मान्य. पण नव्या परीक्षेचा आराखडा ठरवणाऱ्या मेकॉले समितीत ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्राध्यापक जोवेटच बसले होते की! म्हणजे वशिला डायरेक्टरकडून ऑक्सफर्डी शिक्षणाकडे गेला. गुणांची वाटणी बघा: ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, संस्कृत आणि अरबी प्रत्येकी ३७५. कारभार करायचा हिंदुस्थानात आणि भाव ग्रीक कवी होमरला. वर परीक्षा फक्त लंडनला. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी उमेदवार १८६३मध्ये पास झाले ते यातूनच वाट काढून. पुढे परीक्षेला बसायचं कमाल वय २१वरून १९वर आणलं, म्हणजे इथून लंडनला जाऊन बसणं आणखी अवघड. ती अट तरी लेखात यायला हवी होती.