रेंज विचारून झाली, आता वय विचारा

मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली आणि तिचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. तेव्हापासून महाराष्ट्रात विजेवरच्या कुठल्याही दुचाकीची चर्चा दोन प्रश्नांवर येऊन थांबते. सोसायटीच्या बैठकीत विचारतात, "पेटते का?" दुकानात विचारतात, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" या दोन्हींच्या मध्ये 250 वॉटची बिचारी ई-सायकल विनाकारण भरडली जाते.

मी सध्या जिथे आहे त्या नेदरलँड्समध्ये दरवर्षी विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी जवळपास निम्म्या आता विजेवरच्या असतात. त्या तळघरात, बाल्कनीत, स्वयंपाकघरात चार्ज होतात. आगी इथेही लागतात, फ्लॅटधारकांच्या संघटनांमध्ये त्यावरून भांडणंही होतात. पण इथला गिऱ्हाईक दुकानात शिरतो तेव्हा त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: सायकल पंधरा वर्षं चालेल, बॅटरी पाच ते आठ. म्हणून तो बॅटरीची चौकशी वेगळी करतो. नवी कितीला मिळेल, किती वर्षं मिळत राहील, कुलपाच्या किल्लीचा नंबर कुठे लिहिलाय, सगळं विचारतो. आपल्याकडे बॅटरी सायकलसोबत "आलेली" असते. माझ्या मते घरच्या वादातली खरी उणीव ही आहे.

आधी रेंजचा हिशेब, कारण तो दोन मिनिटांचा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींत 36 व्होल्ट, 7.65 अँपिअर-अवरचा बॅटरीचा पॅक सर्रास असतो, म्हणजे 275 वॉट-अवर. पॅडल मारत, मोटरची मदत घेत गेलं तर किलोमीटरला 8 ते 12 वॉट-अवर लागतात. पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे मूठ पिळून गेलं, तर 15 ते 20. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर धरा. पॅडल मारलं तर 275 मध्ये भागतं, तेही पॅक नवा असेपर्यंत आणि चढ फारसा नसेल तर. नुसत्या थ्रॉटलवर निघालात तर हिंजवडी गाठता गाठता, नाहीतर परतीच्या सुरुवातीलाच सायकल हातात येईल. शिवाय तीन-चार वर्षांनी पॅकची क्षमता 80 टक्क्यांवर आलेली असते, आणि घ्यायची बॅटरी त्या दिवसासाठी मोजून घ्यायची असते. या अंतराला 10.2 अँपिअर-अवरच्या, म्हणजे 367 वॉट-अवरच्या खाली जाऊ नये.

थ्रॉटलचा वाद इथे वेगळ्या टोकाला आहे. युरोपात 25 किलोमीटर वेग आणि 250 वॉट ही मर्यादा आपल्यासारखीच, पण पॅडल न मारता मोटर फक्त सायकल हाताने ढकलत नेताना, ताशी 6 किलोमीटरपर्यंत चालते. आपल्याकडे थ्रॉटल चालतो, आणि चढावर सिग्नल सुटताना तो उपयोगी पडतो हे मला मान्य आहे. मात्र "स्पीड खोलून देतो" म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून लांब राहावं. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती, आणि नेदरलँड्सचे पोलीस जाड टायरच्या सायकलींचं चाक रोलरवर फिरवून वेग तपासतात. कायदा बाजूला ठेवला तरी बॅटरीचं गणित राहतंच. 7.65 च्या पॅकमध्ये तीन-तीन सेलचे दहा गट जोडलेले असतात. मूळ कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा, 15 अँपिअर घेतो तेव्हा प्रत्येक सेलवर 5 येतात. 25 अँपिअरचा कंट्रोलर बसवला की 8 च्या वर. सेल तापतो, म्हातारा होतो, आणि वॉरंटी त्याच दिवशी संपते.

आता पेटण्याविषयी. चांगल्या कंपनीचा सेल धडधाकट असताना आपणहून पेटणं दुर्मीळ. बहुतेक वेळा आधी काहीतरी घडलेलं असतं. पॅक आपटलेला असतो, आत पाणी गेलेलं असतं, चार्जर भलताच लावलेला असतो, किंवा पॅक कुणीतरी उघडून "रिपेअर" केलेला असतो. चार्जरची चूक सगळ्यात सोपी. 36 व्होल्टच्या पॅकला 42 व्होल्टचा चार्जर लागतो, 48 च्या पॅकला 54.6 चा, आणि दोघांची पिन अनेकदा एकच असते. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही, मागच्या लेबलवर "आउटपुट 42 व्होल्ट" वाचूनच लावायचा. पॅकमधलं संरक्षक सर्किट अशा वेळी वाचवतं, पण स्वस्त पॅकमध्ये ते वाचवेलच यावर घर पणाला लावू नये.

सोसायट्यांनी सरसकट बंदी घातली की माणसं गुपचूप चार्ज करतात, तेही रात्री, दाराशी, चपलांच्या रॅकजवळ. हे सर्वात वाईट. आग लागलीच तर पळायची वाट तीच असते. नियम करायचाच तर असा करा: चार्जिंग जिन्यात आणि मुख्य दाराजवळ नाही, गादी-सोफ्यावर नाही, माणसं जागी असताना, फरशीवर, आजूबाजूला कापड-कागद नको. दोन अँपिअरच्या चार्जरने 7.65 चा पॅक चार तासांत भरतो, रात्रभर ठेवायचं कारणच नाही. पडलेला, फुगलेला किंवा पुरात भिजलेला पॅक इमारतीत आणायचा नाही. इथे 1 जुलै 2022 पासून प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर धुराची सूचना देणारा अलार्म सक्तीचा आहे. तशी वस्तू आपल्या सोसायटीत पार्किंगच्या छताला लावायला बंदीच्या ठरावापेक्षा कमी वेळ लागेल.

इथल्या व्यवस्थेचं कौतुक करताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. इथली मोठ्या ब्रँडची बॅटरी मोटरशी संगणकी भाषेत बोलते. दुसऱ्या कंपनीची लावली तर मोटर चालत नाही, त्यामुळे पाचशे वॉट-अवरच्या नव्या बॅटरीला काही शे युरो मोजावे लागतात. जुलै 2023 मध्ये ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा ॲपवर उघडणाऱ्या सायकलींच्या मालकांना स्वतःच्या सायकलची डिजिटल किल्ली वाचवून ठेवायची धावपळ करावी लागली. सुटे भाग तर त्याच कंपनीचे, दुसऱ्या कुठल्याच दुकानात न मिळणारे. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी 2027 पासून अशा वाहनांची बॅटरी, आतल्या सेलसकट, स्वतंत्र कारागिराला काढता आणि बदलता आली पाहिजे. म्हणजे जे आपल्याकडे गल्लीत होतं, ते इथे आता कायद्याने आणावं लागतंय.

पण गल्लीतलं काम कसं होतं? तिथे आपली बाजू लंगडी पडते. नेहमीची तक्रार अशी: डिस्प्लेवर अर्धी बॅटरी दिसते आणि चढावर सायकल एकदम बंद पडते. याचा अर्थ दहा गटांपैकी एखादा गट इतरांच्या आधी रिकामा होतो आणि सर्किट पुरवठा तोडतं. आधी फुकटचा उपाय: हिरवा दिवा लागल्यावरही चार्जर दोन-तीन तास तसाच ठेवायचा, जागं राहून, दोन-तीन वेळा. बऱ्याच सर्किटांत गट समान करण्याचं काम पॅक पूर्ण भरल्यावरच होतं. मग मल्टीमीटर लावा. 36 व्होल्टचा भरलेला पॅक 41.5 ते 42 दाखवतो. एवढा वेळ चार्जर ठेवूनही फरक पडला नाही तर तो गट गेला.

अशा वेळी मेकॅनिक म्हणतो, "तीन सेल बदलून देतो." नको म्हणा. नव्या सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध जुन्यांशी जुळत नाही, आणि काही महिन्यांत तोच तमाशा. बदलायचे तर सगळे, 7.65 च्या पॅकमध्ये 30, 10.2 मध्ये 40, एकाच लॉटचे. जोड स्पॉट वेल्डिंगचा हवा. सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आतला पडदा बिघडवते. पट्टी शुद्ध निकेलची, निकेल चढवलेल्या लोखंडाची नव्हे, ती कोकणच्या हवेत गंजते. प्रत्येक सेलच्या धन टोकावर इन्सुलेशनची कागदी चकती. आणि संरक्षक सर्किट वगळून थेट तार जोडणाऱ्याकडून पॅक लगेच परत घ्या. वर्षभर पडून राहिल्याने पार उतरलेल्या पॅकला "झटका देऊन" उठवणाऱ्याकडूनही. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळून नंतर आतल्या आत शॉर्ट करू शकतं.

गावी गेलात, सायकल महिनाभर उभी राहणार असेल, तर पॅक 40 ते 60 टक्क्यांवर ठेवून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. इथे भीती हिवाळ्याची असते, शून्याखाली चार्ज केलं की सेल कायमचा दुखावतो. आपल्याकडे ती विदर्भातल्या मे महिन्याची, पत्र्याच्या शेडची आणि उन्हातल्या बंद गाडीच्या डिकीची. उन्हातून आल्यावर पॅक तासभर निवू द्या, मग चार्जर.

पावसाळ्यात पाण्याच्या प्रेशरने धुऊ नका. मागच्या मोटरची वायर ॲक्सलमधून आत जाते. ती ॲक्सलच्या खाली किंचित झोळ देऊन बांधा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत ओघळणार नाही. पंक्चरवाले मोटरचं चाक काढायला कचरतात, पण काम अवघड नाही: पॅक काढा, वायरचा जोड सरळ ओढून सोडवा, पिळू नका, दोन्ही नट सोडवा आणि वॉशर कुठल्या बाजूला होते त्याचा फोटो आधी काढा. दात असलेला वॉशर उलटा बसला तर ॲक्सल फिरून वायरच पिळवटते.

नातेवाइकांचा एक निरोप हमखास येतो: "येताना तिकडची बॅटरी घेऊन ये." येत नाही. प्रवासी विमानात 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, 160 पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढची मुळीच नाही. ई-सायकलचा लहानातला लहान पॅकही सहसा त्याच्या पुढचा असतो. आणि मेलेला पॅक भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि विकणाऱ्या कंपनीला परत घ्यायला सांगा. भारताच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि नवी बॅटरी घेतानाच "जुनी कुठे द्यायची?" हे विचारलं तर दुकानदाराला उत्तर शोधावं लागतं.