टीएमसी मोजता, तसं पाण्यातलं औषधही मोजा

पोळा उलटला की आपल्या मराठवाड्यात एकच विचारणा सुरू होते, जायकवाडी किती टक्के झालं? १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, हा २०१४ चा आदेश इथल्या पानटपरीवरच्या माणसालाही पाठ आहे. त्यासाठी मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो, कोर्टात तारखा पडतात. झालंच पाहिजे, आपल्या हक्काचं पाणी आहे. पण इतक्या वर्षांच्या भांडणात आलेल्या पाण्यात काय काय विरघळलंय, हा प्रश्न कुण्या पुढाऱ्याच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

माझं मेडिकलचं दुकान आहे. औषध विकून पोट भरतो, त्यामुळे औषधांविरुद्ध बोलायला बसलोय असं कुणी समजू नये. गिऱ्हाइकाला वाटतं, गोळी गिळली की संपली. तसं नसतं. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची आपल्याकडची सगळ्यात खपणारी गोळी, शरीरात जवळपास बदलतच नाही; जशी जाते तशी लघवीतून बाहेर येते. कित्येक अँटिबायोटिक्सचा मोठा हिस्सा असाच बाहेर पडतो. गुडघ्याला चोळलेलं डायक्लोफिनॅकचं जेल कातडीत थोडंच मुरतं, उरलेलं अंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत. शाम्पू, अँटिबॅक्टेरियल साबण, सनस्क्रीन यांचा रस्ताही तोच. अमेरिकेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान हे जंतुनाशक घातलेल्या अँटिबॅक्टेरियल साबणांवर बंदी आणली, कारण साध्या साबणापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आपण मात्र जाहिरातीतले जंतू बघून दुप्पट पैसे मोजतो.

हे सगळं जातं नाल्यात आणि नाला जातो नदीत. मधे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, असला तरी तो बीओडी, सीओडी (ही पाण्यातल्या घाणीची मापं), गाळ असल्या गोष्टींसाठी बांधलेला असतो. औषधाचे रेणू काढणं त्याचं कामच नाही; काही आपोआप कमी होतात, काही सरळ पार निघून जातात. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध तर या बाबतीत फारच चिवट. आता संभाजीनगरचा नकाशा डोळ्यापुढे आणा. खाम नदी शहरातून वाहते, शहराचं सांडपाणी पोटात घेते आणि खाली नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला मिळते. शहर पिण्याचं पाणी कुठून उचलतं? त्याच नाथसागरातून. वरून नाशिक-नगरकडचं सांडपाणीही गोदावरीतून तिथेच येतं.

आणि इथेच मराठवाड्याचं दुखणं इतरांपेक्षा वेगळं आहे. सांडपाण्याचे नियम करताना मनात कुठेतरी धरलेलं असतं की पुढे नदी आहे, ती पातळ करून घेईल. मे महिन्यात आपल्या नद्या बघा. पात्रात जे काही वाहतं ते सांडपाणीच असतं, त्यात मिसळायला दुसरं पाणीच नाही. त्यावर मोटारी लागतात, काठाच्या मळ्यात पालक-मेथी पिकते, शेजारच्या विहिरीत तेच झिरपतं. कोकणातल्या भरल्या नदीत जो नियम चालून जाईल तो आपल्याकडे चालणार नाही, एवढं साधं आहे.

कुणी म्हणेल, पाण्यात औषध असून असून किती असणार? थेंबभर. शहरी सांडपाण्याबाबत हे बहुतेक वेळा खरंही आहे. लिटरमागे मिलिग्रॅमचा काही हजारावा, लाखावा भाग. त्याने उद्या कुणी आजारी पडेल असं मी म्हणणार नाही. पण कारखान्याच्या तोंडाशी हिशेब बदलतो, आणि त्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आपल्याच नदीवरचं आहे. मांजरा. बीडच्या पाटोद्याकडे उगम, धनेगावला धरण, लातूरची तहान तिच्यावर. पुढे बिदरकडून ती तेलंगणात जाते. तिथे हैदराबादजवळ पाटणचेरू ही बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळ्यांत घालायचं मूळ औषध बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत आहे, आणि तिकडचे ओढे नक्कावागू या नाल्यातून मांजरेलाच मिळतात. पाटणचेरूच्या सामाईक प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी यायचं. तिथून 'शुद्ध' होऊन बाहेर पडणारं पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासलं आणि २००७ मध्ये निकाल छापला. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक! पाचशेची गोळी घेतल्यावर माणसाच्या रक्तात जेवढं चढतं, त्याच्या दहापट तरी. दिवसाला ४० किलोच्या वर सिप्रो नुसतं वाहून जात होतं. मी दुकानदार, माझा हिशेब गोळ्यांत: पाचशेच्या ऐंशी हजार गोळ्या, रोज, ओढ्यात. पुढे पाइपलाइन टाकून ते पाणी हैदराबादच्या मुसी नदीच्या बाजूला वळवलं. एका नदीची पीडा दुसरीच्या गळ्यात. मांजरा मात्र निजामसागर ओलांडून परत आपल्याकडे वळते, बिलोलीच्या कडेने जाऊन कंदकुर्तीला गोदावरीत शिरते.

एवढ्या अँटिबायोटिकमध्ये जे जंतू तगतात ते औषधाला दाद न देणारे असतात. मग आयसीयूत डॉक्टर महागातलं इंजेक्शन लिहून देतात आणि नातेवाईक माझ्या काउंटरवर येऊन विचारतात, "भाऊ, ह्याच्यात स्वस्तातलं काही नाही का?" नसतं. स्वस्तातली आधीच निकामी झालेली असतात.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला होता: औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती चालेल, १२१ नावांची यादी. मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली आणि त्यातून अँटिबायोटिकच्या मर्यादा गायब! बाकीचे निकष राहिले, नेमकं हेच गेलं. म्हणजे संभाजीनगरकडचं वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, तिथल्या औषध कारखान्याने नियम शंभर टक्के पाळले तरी त्याच्या पाण्यात अँटिबायोटिक किती, याचं उत्तर त्या कागदावर नसणार. मी कुणा कारखान्याला चोर म्हणत नाही. चोर की साव हे ठरवायला आकडा लागतो, आणि नियम तो आकडा मागतच नाही.

तपासणी महाग पडते म्हणतात. अहो, औषध कंपनी प्रत्येक बॅचमधली अशुद्धी दशांशात मोजते, त्याशिवाय माल युरोपात जात नाही. यंत्रं आहेत, माणसं आहेत. आतल्या गोळीसाठी मोजता येतं ते बाहेरच्या नळीसाठी का नाही? कारखाने निघून जातील ही भीतीही दाखवली जाते. आपल्याकडे रोजगाराची काय अवस्था आहे हे मी रोज बघतो, म्हणून ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्यावर उपाय एकच, नियम सगळ्या राज्यांना सारखा हवा. पण तोवर आपण नुसतं बघत बसायचं का?

शहरी सांडपाण्याचं काम महागडं आहे. त्याला ओझोन किंवा अॅक्टिव्हेटेड कार्बनचा आणखी एक टप्पा लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून त्यासाठी माणशी वर्षाला कमाल ९ फ्रँकचा आकार लावला. युरोपियन युनियनचा २०२४ चा कायदा आणखी पुढचा: या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आहेत, जाणारच. आपल्या नगरपालिकांचे साधे एसटीपीच धड चालत नाहीत तिथे ओझोनची मागणी आज करणं मला हवेतलं वाटतं. आधी कारखाने आणि मोठी रुग्णालयं. थोड्या जागा, जास्त औषध.

उरलेल्या गोळ्यांचं तर उद्या जमण्यासारखं आहे. आमच्या धंद्यात एक्स्पायरीचा माल स्टॉकिस्टकडे परत जातो, तिथून कंपनीकडे, आम्हाला क्रेडिट नोट मिळते. रस्ता तयारच आहे. घरातल्या मुदत संपलेल्या गोळ्याही त्याच रस्त्याने न्या आणि नष्ट करण्याचा खर्च कंपनीवर टाका. नुसतं 'गोळ्या संडासात टाकू नका' असं पोस्टर दुकानात लावून काही होत नाही. मग टाकायच्या कुठे, हे गिऱ्हाईक विचारणारच.

आता मुद्द्याचं. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधला नियम ३(२) काढून वाचा. पाणी ज्यात सोडायचं त्या नदी-नाल्याची स्थिती बघून, लेखी कारणं नोंदवून, राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्रापेक्षा कडक निकष लावू शकतं. मे महिन्यातली कोरडी नदी हे याहून चांगलं लेखी कारण कोणतं असणार? दिल्लीची वाट बघायची गरज नाही. आठ जिल्ह्यांतल्या एका तरी आमदाराने येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकावा: गोदावरी खोऱ्यात सांडपाणी सोडणाऱ्या औषध कारखान्यांना ३(२) खाली अँटिबायोटिकची मर्यादा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कधी लावणार, आणि तपासणीचे आकडे लोकांना बघायला मिळणार का? प्रश्नाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. ज्याची आमदाराकडे ऊठबस असेल त्याने घेऊन जावा.