शेरी गोड आणि हलकी? तो मेसेज चुकीचा आहे

तासगाव-पलूस भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: ‘शेरी म्हणजे साखर कालवलेली हलकी वाइन, आणि गुलाबी वाइन म्हणजे लाल-पांढरीची भेसळ.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

शेरी ही स्पेनमधल्या हेरेझ भागाची वाइन. पालोमिनो जातीच्या पांढऱ्या द्राक्षांचा रस पूर्ण आंबवतात, म्हणजे साखर जवळजवळ संपते. मग सहसा द्राक्षाचंच स्पिरिट, म्हणजे तीव्र दारू, घालतात. त्यातली ‘फिनो’ कोरडी ठणठणीत, म्हणजे गोडी नसलेली असते, अल्कोहोल साधारण १५ टक्के किंवा थोडं जास्त. साधी वाइन साधारण १२ ते १४ टक्क्यांची. मग हलकी कशी?

गोड शेरीही असते, पण तिचा गोडवा द्राक्षातलाच. पेद्रो हिमेनेझ नावाची द्राक्षं उन्हात चटयांवर सुकवतात आणि त्या जवळजवळ बेदाणा झालेल्या मण्यांचा रस काढतात. लिटरला दोनशे ग्रॅमहून जास्त साखर! आपण बेदाणा रॅकवर, सावलीत करतो. पण पाणी उडालं की गोडी दाटते, हे तासगावकराला वेगळं सांगायला नको. आपल्याच पिकाच्या या करामतीला कुणी साखरपाणी म्हणावं, याचं खरंच वाईट वाटतं.

गुलाबी वाइन, म्हणजे रोझे, काळ्या द्राक्षांची. रंग सालीत असतो. रस सालीसोबत काही तासच ठेवला की गुलाबी उतरतो. युरोपीय संघात लाल-पांढरी मिसळून साधी रोझे करायला सहसा मनाई आहे, गुलाबी शॅम्पेनसारख्या फेसाळ वाइनचा अपवाद सोडून. आणि रोझे गोडच असते असंही नाही, बऱ्याचशा कोरड्या असतात.