गूगलमध्ये ओळख

परवा आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाची वेबसाइट कशावर बांधायची याचा निर्णय झाला तेव्हा मी खोलीतच होतो, फक्त टेबलाखाली. ‘तुला कॉम्प्युटरातलं कळतं ना, मग जरा प्रिंटर बघ,’ असं खजिनदार म्हणाले. मी वायरी चाचपत असताना वर एका एजन्सीच्या नावाने चेक फाटला.

माझा कौल वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरला होता. 2003पासून चाललेलं, फुकट, प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक देता येतं, 2020पासून साइटमॅपही, म्हणजे गूगलसारख्यांसाठी पानांची यादी, आपोआप बनतो. एकच गोम आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला की आतल्या आत काना, मात्रा, वेलांटी धरून एकेका खुणेची टक्केचिन्हांसकट नऊ-नऊ अक्षरं होतात, आणि मर्यादा 200ची. ‘सार्वजनिक गणेशोत्सव व्याख्यानमाला’ हे ‘सार्वजनिक-गणेशोत्सव-व्या’वर येऊन थांबतं. आमचे वक्ते कधी इतक्यात थांबले असते तर! असो, पत्ता हाताने रोमनमध्ये लिहिला की झालं.

समोर विजयनगरातल्या त्या एजन्सीचा मुलगा ‘स्वतःची सिस्टीम’ घेऊन बसलेला. त्यात पानाचा पत्ता म्हणजे प्रश्नचिन्ह आणि आकडा, नि सगळ्या पानांचं शीर्षक एकच. बदलता येईल का? ‘उसका चार्ज अलग है, सर.’

तेवढ्यात अप्पांनी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवत विचारलं, ‘हे एसईओ म्हणजे काय रे?’

‘कोणी इंदूरमधलं मराठी नाटक शोधलं, तर गूगलने आपलं पान वर दाखवावं, यासाठीची खटपट, अप्पा.’

‘मग गूगलमध्ये आपली ओळख कोणाशी आहे?’

‘ओळख लागत नाही.’

अप्पांनी चमचा खाली ठेवला. ‘गॅसच्या नंबराला लागली. तुझ्या मुंजीला हॉल मिळाला तो ओळखीवर. आणि गूगलला लागत नाही?’ मग आवाज खाली आणून, ‘आमच्या वहिनींचा भाचा हैदराबादला आहे. गूगलमध्येच.’

‘काय करतो?’

‘ते नाही विचारलं. पण आत आहे.’

फोन लागला, स्पीकरवर. भाचा बिचारा हिशेबाच्या खात्यात. म्हणाला, ‘काका, ते माझ्या हातात नाही.’ अप्पांनी विजयी मुद्रेने फोन ठेवला. ‘ऐकलंस? होत नाही असं म्हणाला नाही. माझ्या हातात नाही म्हणाला. म्हणजे कोणाच्या तरी हातात आहे!’

एजन्सीवाल्याने संधी सोडली नाही. ‘हमारी सेटिंग है, सर. पहले नंबर की गारंटी.’

पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय, हे मी सांगितलं. अप्पा म्हणाले, ‘लिहायला काय जातं? आमच्या बँकेतही लिहिलं होतं, गिऱ्हाईक हा राजा.’

मग मुलाने पानाच्या कोडात, कीवर्ड टॅगमध्ये, पाचशे शोधशब्द भरून द्यायचं कबूल केलं. त्या कीवर्ड टॅगकडे आपण बघत नाही, हे गूगलने 2009मध्येच जाहीर केलंय. पण अप्पा सांगायलाही लागले होते: ‘राजवाडा, सराफा, अहिल्यादेवी, पोहे… आणि पुणे घाल. तिकडचेही येतील.’

मी शेवटचं विचारलं, उद्या ही सिस्टीम सोडायची झाली तर आमचा मजकूर बाहेर काढता येईल का? ‘छोड़ना क्यों है, सर?’ यावर सगळे हसले. मला अजून हसू येत नाही. जुन्या स्मरणिकांमधले लेख वाचनालयातल्या काकूंनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी टाइप केलेत. ते सगळं त्याच्या कपाटात जाणार, आणि दर वर्षी किल्लीचं भाडं भरायचं ते आम्ही. हे विचारणारा मीच तेवढा कटकट्या ठरलो. मग मला प्रिंटर दाखवण्यात आला.

आज त्या मुलाचा निरोप आलाय: ‘मराठी फाँट बिगड़ता है, सर, सब मैटर का फोटो भेज दो.’ म्हणजे लेखांच्या पानांवर शोधायला एकही अक्षर राहणार नाही. अप्पांना तसं कळवलं.

‘थांब,’ म्हणाले, ‘भाच्याला सांगतो.’