‘तीन तास गाडीला कोणी हात लावला नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला शोरूमचं उत्तर

नमस्कार साहेब,

सर्व्हिसच्या दिवशी तुम्हाला ताटकळत बसावं लागलं आणि का बसावं लागतंय हे कोणी जवळ येऊन नीट सांगितलं नाही, याबद्दल मालक या नात्याने माफी मागतो. तुमच्यासारख्या जुन्या ग्राहकावर ही वेळ यायला नको होती.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत. इतकी वर्षं येऊनही काउंटरवर नाव विचारलं. मुलीसाठी दुचाकी बघायला गेलात तर विक्रीच्या मुलाने तिला न शोभणारी जड गाडी पुढे केली. आणि सर्व्हिसला दिलेली मोटरसायकल तीन तास नुसती उभी होती, ‘कोणी हात लावला नाही, स्टाफला ना ग्राहक माहीत ना गाडी’.

विक्रीच्या मुलाबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. सीसी, मायलेज, टॉप स्पीड हे सगळं तो पाठ म्हणून दाखवतो, पण गाडी कोण चालवणार, रोज किती, मागे कोणी बसणार का, हे आधी विचारायला हवं. पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्याला सीटवर बसवून दोन्ही पाय टेकतात का हे बघणं इंजिनच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं. वजनदार गाडी चालताना जाणवत नाही, थांबताना आणि वळवून लावताना जाणवते. त्याच्याशी बोललो आहे. विक्रीच्या बाजूला आणखीही काही बदल करायचे चालले आहेत.

पण ‘कोणी हात लावला नाही’ हे वाक्य मला फार लागलं. त्यावर थोडं सविस्तर लिहू द्या, कारण नवीन गाडी घ्यायच्या आधी लोक हेच वाचतात.

जॉब कार्डवर (गाडीची तक्रार लिहून घेतो त्या कागदावर) तुमच्याच शब्दांत लिहिलेलं आहे, ‘सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, सिग्नलला बंद पडते’. त्यावर आमच्या जुन्या मेकॅनिकने तुम्हाला विचारलं होतं, मध्ये बाहेर कुठे काम केलंत का? तुम्ही म्हणालात, इंजिनाची टिकटिक येत होती म्हणून एका ओळखीच्याकडून आवाज कमी करून घेतला. आमच्या मेकॅनिकने तिथेच ओळखलं की टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हना (झडपांना) दाबून उघडणारे भाग, टाइट केलेत. टॅपेटचा थोडा आवाज येणारी गाडी बरी, एकदम गप्प झालेली गाडी वाईट, असं आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (आतला दाब) गळतं, गाडी सकाळी रुसते. शिवाय व्हॉल्व्ह आपली उष्णता त्याच्या सीटला (तो बसतो त्या कड्याला) टेकूनच हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, सोडतो. टेकलाच नाही तर तो आतल्या आत जळतो. तुम्ही असंच चालवत राहिला असतात तर पुढचं काम हेड उघडण्याचं होतं, आणि तेव्हाचा रिव्ह्यू काय आला असता याचा मी विचारही करत नाही.

आता ही फट किती असते? मिलीमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात ती. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा थंड इंजिनाचा असतो. काही कंपन्या तर स्पष्टच लिहितात की इंजिन ३५ अंश सेल्सिअसच्या खाली आल्याशिवाय मापच घेऊ नये. कारण गरम इंजिनात ॲल्युमिनियमचं हेड आणि सिलिंडर वेगळे फुगतात, पोलादी व्हॉल्व्ह वेगळा फुगतो. त्यात गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर आकडा मिळतो, पण तो खोटा. आणि तुम्ही गाडी आणलीत ती चालवतच आणलीत. दुसरं काय करणार, हे मलाही कळतं. पण अपॉइंटमेंटच्या फोनवर, शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी लावून जा, असं आमच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सकाळी पहिलाच येतो, तासाभरात मोकळा करा. तिने ‘बघते’ म्हटलं. तिने ‘होणार नाही’ म्हणायला हवं होतं. ग्राहकाला नाही म्हणायचं धाडस या धंद्यात कोणाला नसतं, मलाही नाही.

बरं, ‘हात लावला नाही’ हेही तसं नाही. इंजिन ऑइलचं उलटं असतं, ते कोमट असतानाच नीट निथळतं. म्हणून गाडी बे-मध्ये (काम करायच्या जागेत) घेतल्या घेतल्या आधी ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवीन ऑइल भरलं. चेन धुतली, ढील काढली, केबलींना तेल दिलं, एअर फिल्टर बघितला. हे सगळं होत असताना तुम्ही बाहेर फोनवर होतात. तुम्ही आत डोकावलात तेव्हा गाडी एकटी उभी दिसली, कारण त्यानंतर करण्यासारखं एकच काम उरलं होतं आणि ते गरम इंजिनावर करायचं नव्हतं. मेकॅनिक शेजारच्या बे-मध्ये दुसऱ्याची गाडी करत होता. त्याला रिकामं बसवून ठेवलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं का, मला माहीत नाही.

हे खरं तर लिहायचं नव्हतं. पण तुम्ही सार्वजनिक लिहिलंत म्हणून लिहितो. मध्ये तुम्ही स्वतः आत आलात, दुसऱ्या एका ग्राहकाला ‘बघा कसा आवाज येतो’ म्हणून गाडी स्टार्ट केलीत आणि चांगली पाच-दहा मिनिटं रेस देऊन ऐकवलीत. हेल्परने ‘साहेब, नको’ म्हटलं. तो नवा आहे, मोठ्याने बोलायला लाजतो. इंजिन परत तापलं, घड्याळ परत पहिल्यापासून. तुमचा मान ठेवून तेव्हा कोणी काही बोललं नाही. नंतर तेच आमच्या अंगाशी आलं.

‘मग पंखा लावायचा, पाणी मारायचं’, असंही तुम्ही लिहिलं आहे. पंखा लावलेला होता. पाणी मात्र आम्ही मारू देत नाही, कोणी कितीही घाईत असलं तरी. तापलेल्या धातूवर एका बाजूने गार पाणी पडलं की तो सगळीकडे सारखा आकसत नाही. आणि इंजिनावरच्या फिन्स (धातूच्या पाकळ्या) हाताला गार लागल्या म्हणजे आतलं गार झालं असं नसतं.

इंजिन निवल्यावर प्रत्यक्ष काम फार वेळाचं नव्हतं. मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाच्या) खिडकीतून पिस्टन वर आल्याची ‘टी’ची खूण जुळवायची, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना खात्री करायची, फीलर गेज घालायचा, लॉकनट सैल करून स्क्रू फिरवायचा, परत आवळून परत मोजायचं. परत मोजायचं हे महत्त्वाचं, नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) बाजूला गेज शिरतच नव्हता. तो व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून तिथे फट साधारण जास्त ठेवतात. तुमच्याकडे उलटं होतं. तुम्हाला तीन तासांत दिसली ती एवढीच पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली, तुमच्यासमोर झाली, आणि ट्रायललाही ती बंद पडली नाही. रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेख शोधत होतो.

आता ओळखीचं. काउंटरवरची मुलगी नवी आहे. तिने नाव आणि मोबाइल नंबर विचारला, कारण आमच्याकडे गाडीचा सगळा इतिहास नंबर प्लेट आणि चासिस नंबरवर असतो, आणि लोक मोबाइल बदलतात. मेसेज भलत्याच माणसाला गेला तर त्याचीही तक्रार येते. पण जुन्या माणसाला ‘आपण कोण’ ऐकल्यावर कसं वाटतं हे मला समजतं. मी स्वतः त्या वेळी बँकेत होतो, नाहीतर उठून बाहेर आलो असतो.

तरी ‘स्टाफला ग्राहक माहीत नाही’ हे मान्य करायला जड जातं. शिकलेली मुलं टिकत नाहीत ही आमच्या धंद्याची रड आहे. हाताला वळण लागलं की ती दुसरीकडे जातात किंवा स्वतःचं गॅरेज टाकतात. जे मोजके टिकलेत ते चेहऱ्यापेक्षा गाडी लक्षात ठेवतात. तुमची गाडी लिफ्टवर घेतल्यावर आमचा मेकॅनिक जॉब कार्ड न बघता म्हणाला, ‘हे मागच्याच ब्रेकवर चालवणारे साहेब.’ पुढचे डिस्क पॅड जवळजवळ नव्यासारखे, मागचे ब्रेक लायनर झिजत आलेले. ब्रेक लावल्यावर वजन पुढे जातं, थांबवायचं बरंच काम पुढच्या चाकाचं असतं, हे त्याने तुम्हाला मागच्या सर्व्हिसलाही सांगितलं होतं. क्लच तुम्हाला लिव्हर हँडलच्या अगदी जवळ असतानाच पकडणारा लागतो, तो कोणी न सांगता तसाच लावून दिला. मागचा टायर मधोमध सपाट झालाय म्हणजे तुमचं चालवणं बहुतेक सरळ लांबच्या रस्त्याचं, हेही त्याने ओळखलं, आणि हवा थंड टायरला, दोघं बसतील या हिशोबाने भरली. एवढं माहीत असलेल्या माणसाला ‘ना ग्राहक माहीत ना गाडी’ म्हणून एक स्टार, हे त्याने वाचलं तेव्हा तो काही बोलला नाही. मलाच बोलावंसं वाटलं.

नवीन गाड्या विकून शोरूम चालत नाही साहेब, ते सर्व्हिसच्या गाड्यांवर चालतं. लोक स्टार बघून नंबर फिरवतात की नाही ते ठरवतात. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क. फक्त गाडी आता सकाळी कशी सुरू होते तेवढं खाली जोडलंत तर बरं होईल.

गाडीचं काम कुठल्या टप्प्यावर आहे हे बसलेल्या माणसाला अधूनमधून सांगावं, असं सगळ्यांना सांगितलं आहे. वेटिंगच्या जागेत तसा बोर्डही लावायचा विचार आहे. फोनवर वेळ सांगतानाही काळजी घेऊ.

टॅपेट परत एकदा तपासून घ्यायला हवेत. त्या वेळी आदल्या संध्याकाळी गाडी आणून लावा, घरी सोडायला आमचा माणूस येईल. मागचे लायनर तोवर चालतील, पण मागच्या ब्रेकच्या ड्रमवरचा झीज दाखवणारा बाण खुणेपर्यंत पोचला असेल तर थांबू नका. आणि तो टिकटिक आवाज थोडा येणारच आहे, तो कोणाकडूनही कमी करून घेऊ नका.

आपला,
शोरूमचा मालक